गेमला पैसे देताना ट्रेलर नको, चालता बिल्ड मागा

प्रति,
महाराष्ट्राचं एव्हीजीसी-एक्सआर (ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्स्टेंडेड रिॲलिटी) धोरण राबवणारे अधिकारी आणि निवड समित्यांचे सदस्य

विषय: गेम प्रकल्पांच्या अर्थसाहाय्याचे हप्ते कशावर सोडावेत याबाबत

महोदय / महोदया,

सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने या धोरणाला मंजुरी दिली आणि 3,268 कोटी रुपयांचा आराखडा समोर आला. तेव्हापासून ऐरोली, घणसोली, महापे ते थेट वागळे इस्टेट या पट्ट्यात पिच डेक, म्हणजे पैसे मागण्यासाठीची सादरीकरणं, बनवण्याची लगबग आहे. डेकच्या शेवटी हमखास एक ट्रेलर असतो. आम्ही याच पट्ट्यात गेमचं प्रोग्रॅमिंग, आर्ट आणि टेस्टिंग करणारी माणसं. ट्रेलर कसे बनतात ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो: ट्रेलर पाहून एक रुपयाही सोडू नका. चालता बिल्ड, म्हणजे यंत्रावर प्रत्यक्ष खेळता येणारी गेमची प्रत, मागा.

(पैसे लावून खेळायच्या ॲपांशी या पत्राचा संबंध नाही. त्यांचा निकाल ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने लावला आहे.)

नव्वद सेकंदांचा ट्रेलर चार-पाच आर्टिस्ट दोन महिन्यांत उभा करतात. कॅमेरा जिथे वळतो तेवढ्याच भिंतींना पोत दिलेला असतो, भिंतीमागे काहीच नसतं. दार उघडताना दिसतं ते ॲनिमेशन असतं, त्या दाराला कोड नसतो. शत्रू नायकाला चुकवून उडी मारतो, कारण ती उडी हाताने की-फ्रेम करून बसवलेली असते. हे सगळं दोन-अडीच लाखांच्या पीसीवर, एडिटरमध्ये, एकेक फ्रेम सावकाश रेंडर करून घेतलेलं. गेम बनायला लागला की यातलं जवळपास सगळं फेकून द्यावं लागतं. म्हणजे पैसे मागायच्या आधीच दोन महिने वाया गेले.

सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 10 सप्टेंबर 2020 ला युबिसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक जाहीर केला. मूळ गेम 2003 चा, माँट्रियलच्या स्टुडिओचा. रीमेकचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. बाजारात यायची तारीख होती 21 जानेवारी 2021, म्हणजे जेमतेम चार महिन्यांवर. ट्रेलर आला आणि जगभरातून त्याच्या दिसण्यावर टीका झाली. तारीख मार्च 2021 वर गेली, मग बेमुदत पुढे. मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. पुढे आगाऊ नोंदणीचे पैसे परत झाले, 2026 चा नवा वायदा झाला, आणि जानेवारी 2026 मध्ये प्रकल्पच रद्द झाला.

या घटनाक्रमात आम्हाला टोचतात ते पहिले चार महिने. रिलीजला चार महिने उरलेले असताना गेमचं रूप बदलता येत नाही. चेहऱ्याचा रिग (चेहरा हलवणारा सांगाडा) बदलला की त्यावर बसवलेला प्रत्येक कटसीन (नुसता बघायचा प्रसंग) पुन्हा तपासायचा. प्रकाशयोजना बदलली की प्रत्येक लेव्हल पुन्हा बेक करायची (उजेड-सावल्या आधीच मोजून साठवायच्या), आणि तसं केलं की मेमरीचा हिशेब कोलमडतो. 'हे बरं दिसत नाही' हे वाक्य कानावर यायचंच असेल, तर ते पहिल्या पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा तयार होतो तेव्हा यायला हवं. त्या वेळी दुरुस्ती काही आठवड्यांची असते.

उशीर वाईटच, असं आमचं म्हणणं नाही. टीम चेरी ही ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची तीन-चार जणांची टीम. 'हॉलो नाइट' 2017 चा. त्याचा छोटा जोडभाग म्हणून सुरू झालेलं काम वाढत गेलं, म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये 'सिल्कसाँग' हा स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाला आणि आला 4 सप्टेंबर 2025 ला. साडेसहा वर्षं. पण पैसा पहिल्या गेमच्या विक्रीतून आलेला, माणसं मोजकी, आणि पक्की तारीख सांगितली ती फक्त दोन आठवडे आधी. 'मेट्रॉइड प्राइम 4' जून 2017 मध्ये जाहीर झाला. जानेवारी 2019 मध्ये निन्टेन्डोने व्हिडिओ काढून सांगितलं की दर्जा पुरेसा नाही, काम रेट्रो स्टुडिओजकडे देऊन नव्याने सुरू करत आहोत. तो गेम डिसेंबर 2025 मध्ये आला. दीड वर्षाचं काम जाहीरपणे मोडीत काढायला हिंमत लागते. ती निन्टेन्डोकडे होती, कारण तिजोरीही त्यांचीच होती. 'जीटीए 6'ची तारीख 26 मे 2026 वरून 19 नोव्हेंबर 2026 वर ढकलणं रॉकस्टारला परवडतं, तेही त्याच कारणाने. इथे पैसा लोकांचा असणार आहे, त्यामुळे उशीर कोणत्या जातीचा आहे हे आपल्याला कागदावर ओळखता आलं पाहिजे.

वाईट जातीचा नमुना 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'. एप्रिल 1997 मध्ये 'क्वेक 2'च्या इंजिनवर (गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर) जाहीर झाला, पुढच्याच वर्षी इंजिन बदलून अनरियल घेतलं. बाजारात काही नवं दिसलं की ते आपल्यातही हवं, हा खाक्या. तारीख विचारली की 'झाला की येईल' हे ठरलेलं उत्तर. मे 2009 मध्ये टीम घरी गेली, गिअरबॉक्सने उरलेलं काम उचललं आणि जून 2011 मध्ये गेम आला तेव्हा तो चौदा वर्षं शिळा होता. 'डेड आयलंड 2'ची तऱ्हा वेगळी. 2014 मध्ये जाहीर, 2015 मध्ये यागरकडून काम काढून घेतलं, मग सुमो, मग डॅमबस्टर. तिसऱ्या स्टुडिओच्या हातून एप्रिल 2023 मध्ये बाहेर पडला. 'ब्लडलाइन्स 2' मार्च 2019 मध्ये पुढच्याच वर्षीचा वायदा करून जाहीर झाला, 2021 मध्ये मूळ स्टुडिओला बाजूला केलं आणि आला ऑक्टोबर 2025 मध्ये. 'बियाँड गुड अँड ईव्हिल 2'ची पहिली झलक 2008 ची आहे. तो अजून यायचा आहे.

वरची बरीच उदाहरणं सीक्वेलची, म्हणजे आधीच्या गेमच्या पुढच्या भागांची आहेत. सीक्वेलच जास्त का अडकतात याचं कारण गुणाकारात आहे. पहिल्या गेममध्ये सहा हत्यारं आणि दहा प्रकारचे शत्रू असतील, तर साठ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला मार बसल्याचं ॲनिमेशन, आवाज, नुकसानीचा आकडा आणि तिची चाचणी लागते. सीक्वेलमध्ये 'फक्त' चार हत्यारं आणि पाच शत्रू वाढवले की जोड्या दीडशे झाल्या. डेकमध्ये ही वाढ एका ओळीत मावते आणि वेळापत्रकात काम अडीच पट होतं. त्यात पहिल्या गेमचा कोड लिहिणारा सोडून गेलेला, तेव्हा घेतलेलं एखादं प्लगइन आता कुणी सांभाळत नाही, आणि मूळ इंजिनची आवृत्ती तीन वर्षं जुनी.

मोबाइलवर उशिराची किंमत वेगळ्याच खिडकीवर भरावी लागते. गुगल प्ले दरवर्षी नव्या ॲपसाठी अँड्रॉइडची किमान टार्गेट पातळी (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधलं आहे ती) वर नेतं. 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 आणि पुढच्या आवृत्त्यांना टार्गेट करणाऱ्या नव्या ॲपना 16 केबी मेमरी पेज (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ते) चालवता येणं सक्तीचं झालं. जुन्या इंजिनने बांधलेल्या नेटिव्ह लायब्ररी तिथे अडतात. मग इंजिन वर न्यायचं, ते नेलं की शेडर (पडद्यावर रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्रॅम) तुटतात, शेडर दुरुस्त केले की जाहिरातींचं एसडीके (बाहेरून घेतलेला तयार कोड) बोंबलतं. गेममध्ये एकही नवी गोष्ट न वाढता दोन महिने गेले. वेळेवर निघालेल्या गेमलाही पुढे हे करावंच लागतं, पण तोवर त्याची कमाई सुरू झालेली असते.

आता हप्त्यांबद्दल. आमची सूचना अशी: एकूण रकमेचे 10 टक्के प्रोटोटाइपला, 30 टक्के व्हर्टिकल स्लाइसला, 25 टक्के अल्फाला (सगळे भाग जोडलेले, पण कच्चे), 20 टक्के बीटाला (सगळं आत, बग काढणं बाकी) आणि उरलेले 15 टक्के गेम स्टोअरवर आल्यावर. आकड्यांत थोडं इकडेतिकडे चालेल. पण प्रत्येक हप्ता झालेल्या कामाची तपासणी करून सुटावा, आणि तपासणी म्हणजे स्टुडिओने दाखवलेलं प्रेझेंटेशन नव्हे.

प्रोटोटाइप कुरूप असला पाहिजे. करडे ठोकळे, एक खोली, एकच यंत्रणा. तो सुंदर असेल तर पैसे चुकीच्या जागी गेले आहेत. ठोकळ्यांनिशी दहा मिनिटं खेळून कंटाळा येत असेल तर पुढे कितीही रंग चढवला तरी कंटाळा तोच राहतो.

खरी परीक्षा व्हर्टिकल स्लाइसची. पंधरा ते वीस मिनिटांचा एक तुकडा, पण पूर्ण: अंतिम दर्जाची आर्ट, आवाज, मेन्यू, सेव्ह, मरण, पुन्हा सुरुवात. तो ज्या यंत्रासाठी गेम विकायचा त्याच यंत्रावर चालला पाहिजे. 'सायबरपंक 2077' आठवून बघा. 2012 मध्ये जाहीर, 2020 मध्ये तीनदा पुढे ढकललेला. गोल्ड झाल्याचं, म्हणजे विक्रीची प्रत तयार असल्याचं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सांगितलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी पुन्हा 21 दिवस मागितले. कारण दिलं की एकाच वेळी नऊ आवृत्त्या तपासून काढायच्या आहेत. 10 डिसेंबरला गेम आला, चांगल्या पीसीवर बरा चालला, जुन्या पीएस 4 वर त्याची दैना झाली, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. परत यायला जून 2021 उजाडला.

इथल्या बहुतेक अर्जांत 'यंत्र' म्हणजे अँड्रॉइड फोन असणार. तेव्हा समितीने स्वतः दुकानातून घेतलेला, दहा-बारा हजारांचा, 4 जीबी रॅमचा फोन वापरावा. स्टुडिओने सोबत आणलेला नको. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) टाका, चार्जर काढा आणि अर्धा तास खेळा. सेकंदाला 30 फ्रेमचा दावा असेल तर प्रत्येक फ्रेमला 33.3 मिलिसेकंद मिळतात, 60 चा असेल तर 16.7. पहिली पाच मिनिटं सगळेच पास होतात. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि 60 चे 25 होतात. मग मधेच त्या फोनवर कॉल करा, दोन मिनिटं बोला, व्हॉट्सॲप आणि कॅमेरा उघडा, आणि गेमवर परत या. गेम होता तिथून सुरू व्हायला हवा. पहिल्या लोगोपासून सुरू झाला तर सिस्टिमने तो मेमरीसाठी मारला आहे, आणि सेव्हची यंत्रणा लिहिलेलीच नाही असं समजा. पुढे मोबाइल डेटा बंद करून हेच पुन्हा करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून केलंत तर डेटा बंद करायचेही कष्ट नाहीत.

मराठी भाषेचं आश्वासन दिलं असेल, आणि या धोरणात ते सगळेच देतील, तर मेन्यू मराठीत लावून 'किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाज्याशी' एवढंच वाक्य पडद्यावर मागा. युनिटी या इंजिनात सर्रास वापरलं जाणारं, मजकूर दाखवणारं टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जोडणी स्वतः करत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, 'ल्ल्या' पाय मोडून सुटा होतो, 'ऱ्या' भलताच काहीतरी दिसतो. अनरियलमध्ये अक्षरांची जोडणी मुळातच आहे, त्यामुळे तिथे सहसा फॉन्ट नीट निवडला की भागतं. युनिटीत यावर उपाय आहेत, पण ते पहिल्या महिन्यात ठरवायचे असतात. बीटाला लक्षात आलं तर प्रत्येक बटण, प्रत्येक संवादाची चौकट पुन्हा मांडावी लागते, आणि मग 'मराठी पुढच्या अपडेटमध्ये' असं उत्तर मिळतं.

अल्फाला एक तांत्रिक कसोटी पुरे. नवा कोरा पीसी घ्या, त्यावर व्हर्जन कंट्रोलमधून (टीमच्या सगळ्या फाइलींचा सामायिक साठा) प्रकल्प उतरवा, आणि स्टुडिओच्या कुणाच्याही मशीनला हात न लावता बिल्ड काढा. दिवसभरात निघाला तर ठीक. 'ती फाइल अमुकच्या डेस्कटॉपवर आहे' असं ऐकू आलं तर हप्ता थांबवा, कारण तो अमुक उद्या नोकरी सोडेल. स्टुडिओ बदलले की सीक्वेल शून्यापासून का सुरू होतात याचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे. बीटाला बगची यादी मागा, पण एकूण आकड्यावर जाऊ नका. दर आठवड्याला नवे किती सापडले आणि बंद किती झाले हे दोन आकडे आठ आठवड्यांचे बघा. नवे जास्त आणि बंद कमी असं सलग चाललं असेल, तर जाहीर केलेली तारीख खोटी आहे, मग संचालक काहीही म्हणोत.

एक कलम आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि सरकारी पद्धतीला तेच सर्वांत जड जाणार याची कल्पना आहे. व्हर्टिकल स्लाइसपाशी प्रकल्प बंद करण्याची मुभा द्या, आणि तोवर नीट खर्च झालेले पैसे परत मागू नका. वसुलीची भीती असली की मेलेला प्रकल्प कुणी मेला म्हणून सांगत नाही. मुदतवाढीचे अर्ज येत राहतात, टीम निम्मी होते, नव्या डेकवर जुनाच लोगो चढतो. समजा वीस जणांचा स्टुडिओ आहे, सरासरी पगार 80,000. पगारच महिन्याला 16 लाख. भाडं, वीज, लायसन्स धरून 20 लाख. सहा महिन्यांचा फरफटवलेला उशीर म्हणजे 1 कोटी 20 लाख. स्लाइसपाशी सोडून दिलेला 40 टक्के हप्ता त्यापुढे स्वस्त पडू शकतो. बंद करणाऱ्याकडून दोन पानांचा अहवाल घ्या, काय जमलं नाही आणि का, आणि तो पुढच्या अर्जदारांना वाचायला द्या.

मुदतवाढ हवी असणाऱ्याने नवी तारीख देऊन भागणार नाही. सोबत 'काय कापलं' याची यादी हवी. तारीख पुढे आणि गेम तेवढाच, असा अर्ज आला तर पुढच्या वेळीही तोच येईल. मूळ करारालाच 'या गेममध्ये काय नसेल' असं एक पान जोडावं. मल्टिप्लेअर नाही, ओपन वर्ल्ड नाही, पीसी आवृत्ती नाही. त्या पानावरची गोष्ट मागाहून आत आली तर समितीला कळवणं बंधनकारक करावं. इंजिनची आवृत्तीही स्लाइसनंतर गोठवावी. छोट्या दुरुस्त्या चालतील, मोठी उडी लेखी कारणाशिवाय नको.

मार्च एन्डचं काय करायचं ते आपणच ठरवा, पण हप्ते आर्थिक वर्षाला बांधू नका. 31 मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र हवं म्हटलं की फेब्रुवारीत सगळ्यांचा अल्फा 'पूर्ण' होतो. सहा आठवडे दिखाऊ बिल्डवर जातात आणि एप्रिलमध्ये खऱ्या कामाची घडी पुन्हा बसवावी लागते. वेळापत्रक तपासताना सप्टेंबरकडेही बघा. गणपतीत निम्मा स्टुडिओ कोकणात असतो. ज्या वेळापत्रकात ते दिवस पूर्ण भरलेले आहेत ते परदेशी नमुन्यावरून उतरवलेलं आहे.

क्रंचबद्दल, म्हणजे तारीख गाठण्यासाठीच्या रात्रंदिवस कामाबद्दल, थोडक्यात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 मध्ये जादा कामाला दुप्पट दर सांगितला आहे. प्रत्येक हप्त्यासोबत हजेरीचे तास मागितलेत तर दोन गोष्टी कळतील: माणसांना तो दर मिळतो का, आणि वेळापत्रक रात्रपाळीवरच उभं आहे का. रात्री दोन वाजता दुरुस्त केलेला बग सकाळी दोन नवे बग घेऊन येतो, हे टेस्टिंगच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही विचारा.

सामायिक सुविधांच्या यादीत कन्सोलचे डेव्हकिट (कन्सोलसाठी गेम बनवायची खास यंत्रं) धरले असतील तर काढून टाका. ते कन्सोल कंपन्या परवानाधारक स्टुडिओलाच गोपनीयतेच्या करारावर देतात, वाचनालयातल्या पुस्तकासारखे फिरवता येत नाहीत. त्याऐवजी महापे एमआयडीसीत फोनची खोली करा: मीडियाटेक आणि स्नॅपड्रॅगन दोन्हींचे, 3 ते 8 जीबी रॅमचे, चार-पाच वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतचे साठेक फोन, आणि ते चार्ज करून ठेवायला पगारी माणूस. साठ फोन मिळून एका बऱ्या ट्रेलरच्या खर्चात बसतात.

निवड समितीत निर्माते, प्राध्यापक आणि गुंतवणूकदार असतीलच. त्यात किमान एक कामावर असलेला प्रोग्रॅमर आणि एक टेस्टर घ्या. टेस्टरला कमी लेखू नका. चकचकीत डेमोत कुठली तीन बटणं लागोपाठ दाबली की गेम कोसळतो हे त्याला बसल्याबसल्या दिसतं. वर सांगितलेल्या फोनच्या चाचण्या कशा घ्यायच्या ते दाखवायला आम्ही मंत्रालयात किंवा महापेला, म्हणाल तिथे येऊ. शक्यतो सोमवार-मंगळवारी बोलवा. आठवड्याचा बिल्ड शुक्रवारी जातो.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातले गेम प्रोग्रॅमर, आर्टिस्ट आणि टेस्टर